जबड्याचे दुखणे आणि उपचारांच्या पायऱ्या

(संस्थेच्या आरोग्य व्याख्यानमालेत शिरूर व दौंड येथे दिलेल्या व्याख्यानांचा एकत्रित मजकूर)





संस्थेने मला दातांच्या निगेवर बोला असे सांगितले होते. परंतु मी आज दातांवर बोलणार नाही. दातांना ज्याच्या जोरावर काम करता येते, त्या जबड्याच्या सांध्यावर आणि स्नायूंवर बोलणार आहे. याचे कारण सांगतो. आपल्या भागात गुडघा दुखला तर माणूस गुडघ्याचा डॉक्टर शोधतो. पण जबडा दुखला तर कोणाकडे जावे हेच कळत नाही. कोणी कानाच्या डॉक्टरकडे जातो, कोणी दाढ काढून घेतो, कोणी मेंदूचा फोटो काढून येतो, कोणी भुवईला बाम चोळत वर्ष काढतो. पैसा जातो, दाढ जाते आणि दुखणे तिथेच राहते.

ही चूक माझ्याही हातून झालेली आहे. व्यवसायाला सुरुवात केली तेव्हाची गोष्ट. शिरूर तालुक्यातील कांदा काढणीला जाणारी एक बाई गाल धरून आली. खालची दाढ थोडी किडलेली दिसली. बाईही म्हणाल्या, "काढून टाका डॉक्टर, मोकळी होते." मी दाढ काढली. पंधरा दिवसांनी दुखणे तसेच. मग त्यांनी दुसरीकडे जाऊन शेजारची दाढ काढली. वर्षभराने परत माझ्याकडे आल्या तेव्हा दोन दाढा गेलेल्या होत्या आणि तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या गालावर, चावण्याच्या स्नायूवर बोट ठेवून दाबले. बाई कळवळल्या आणि म्हणाल्या, "हेच ते, हेच दुखतं." दुखणे दाढेचे नव्हतेच. स्नायूचे दुखणे दाढेत जाणवत होते. जी तपासणी करायला दोन मिनिटे लागली असती, ती न केल्यामुळे एका कष्टकरी बाईच्या दोन दाढा गेल्या. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या चुकीची थोडी परतफेड आहे असे समजा.

सांधा कुठे आहे?

आपण सर्वांनी आता दोन्ही हातांची बोटे कानाच्या अगदी पुढे ठेवा आणि तोंड उघडा, मिटा. बोटाखाली जे हलते तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचे टोक कवटीच्या खोबणीत बसते आणि दोघांच्या मध्ये एक चिवट, लवचीक गादी असते. हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा फिरतो आणि शिवाय पुढे सरकतोही. उजवा व डावा असे दोन सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे एक बिघडला की दुसऱ्यावर ताण येतो.

आता दात घट्ट दाबा. गालात जो गोळा उठतो तो मॅसेटर नावाचा स्नायू. कानशिलावर जो फुगतो तो टेम्पोरॅलिस. म्हणूनच रात्रभर दात खाणाऱ्या माणसाचे सकाळी कानशील ठणकते आणि त्याला वाटते, आपले डोके दुखते आहे.

आपल्या मराठीत या सांध्यावर आणि स्नायूंवर पुष्कळ शब्द आहेत. रागाने माणूस दातओठ खातो. भीतीने दातखीळ बसते. थंडीने दातावर दात वाजतात. आपल्या पूर्वजांना शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, पण मनातला ताण जबड्यात उतरतो हे त्यांनी नेमके ओळखले होते. शास्त्राला ते मान्य करायला बराच काळ लागला.

शास्त्राचा प्रवास

१९३४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एक लेख लिहिला. दाढा गेल्यामुळे जबडा मागे सरकतो, सांध्यावर दाब येतो आणि त्यामुळे कान व डोके दुखते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यामुळे या सांध्याकडे वैद्यकाचे लक्ष गेले, हे त्यांचे श्रेय. पण त्यातून असाही समज पसरला की दोष केवळ दात न जुळण्याचा आहे. मग दातांना कानस लावणे, सर्व दातांवर टोप्या बसवणे, असे उपचार सुरू झाले. पुढे दिसून आले की ज्यांचे दात वाकडेतिकडे आहेत अशा असंख्य लोकांचा जबडा मुळीच दुखत नाही आणि सरळ दातांच्या पुष्कळांचा दुखतो. १९६९ साली डॅनियल लास्किन यांनी स्नायूंचा थकवा, आकडी आणि मानसिक ताण यांवर भर दिला. आज असे मानले जाते की कारण एक नसते. मार, सवयी, झोप, ताण, इतर सांध्यांचे आजार, शरीराची वेदना जाणण्याची ठेवण, या सर्वांचा त्यात वाटा असतो. स्त्रियांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा अधिक आढळतो आणि तो बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो, म्हणजे ऐन कष्टाच्या वयात.

आधी ओळखा: हे साधे दुखणे नव्हे

उपचारांकडे वळण्यापूर्वी काही गोष्टी बजावून सांगणे माझे कर्तव्य आहे. तोंड न उघडणे म्हणजे प्रत्येक वेळी सांध्याचा आजार नव्हे.

पहिली गोष्ट धनुर्वात. शेतात, गोठ्यात जखम झाली आणि काही दिवसांनी जबडा आवळू लागला, मान ताठ झाली, तर घरी एक तासही काढू नका. १०८ ला फोन करा. लस घेतलेली असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट फिट. फिट येऊन दातखीळ बसलेल्या माणसाच्या तोंडात आपल्याकडे चमचा घालतात. त्याने दात मोडतात आणि मोडका दात श्वासनलिकेत जाऊ शकतो. तोंडात काहीही घालू नका. माणसाला कुशीवर वळवा, भोवतालची गर्दी हटवा आणि वेळ पाहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठा.

तिसरी गोष्ट हृदय. चढ चढताना, ओझे उचलताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर राहतो, किंवा छाती भरून येऊन घामासोबत जबड्यात कळ येते, तर दात तपासत बसू नका. आधी हृदय तपासा.

चौथी गोष्ट सूज व ताप. अक्कलदाढेचा पू आत पसरला की तोंड उघडत नाही, गिळता येत नाही. हे जिवावर बेतू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

पाचवी गोष्ट लहान मुलांची. सायकलवरून, झोक्यावरून, उसाच्या गाडीवरून मूल हनुवटीवर आपटते. हनुवटीची जखम शिवली जाते, पण धक्का कानापुढच्या सांध्यापर्यंत पोचलेला असतो आणि तिथले हाड मोडलेले कोणाच्या ध्यानात येत नाही. मूल दुखते म्हणून तोंड उघडत नाही आणि काही महिन्यांत, कधी वर्षांत, सांधा हाडाने जोडला जातो. मग खालचा जबडा वाढत नाही, चेहरा एका बाजूला वाकतो, मुलाला झोपेत श्वास पुरत नाही. म्हणून हनुवटीवर पडलेल्या प्रत्येक मुलाचा सांधा तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील तेव्हापासून त्याला तोंड उघडण्याचा व्यायाम करायला लावा.

आणि सहावी गोष्ट, जी मला आपल्या तरुणांना कळकळीने सांगावयाची आहे, ती म्हणजे सुपारी आणि गुटखा. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी कोठे मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ अस्तर हळूहळू ताठ, पांढुरके व दोरीसारखे होते. आधी तिखट लागताच आग होते, मग तोंड एक एक बोट कमी उघडू लागते. माणूस म्हणतो, "माझा जबडा आखडला." जबडा आखडलेला नसतो, गाल आखडलेला असतो. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि काहींमध्ये यातूनच पुढे कर्करोग होतो. सुपारी थांबवणे हाच पहिला उपचार. व्यायाम, इंजेक्शने, शस्त्रक्रिया यांनी तोंड थोडे उघडते, पण अस्तर पूर्वीसारखे होत नाही. दौंडच्या व्याख्यानात एका विद्यार्थ्याने विचारले, "साधी सुपारी तर चालते ना?" नाही. हा रोग करणारी मुख्य वस्तू सुपारीच आहे. तंबाखू त्यात कर्करोगाची भर घालते.

तीन बोटांची परीक्षा

आता सर्वांनी स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे उभी करून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहा. तीन बोटे गेली तर तोंड ठीक उघडते आहे. दोनच गेली तर तपासून घ्यावे. एकच गेले तर उशीर करू नये. तोंड उघडताना 'कट्' असा आवाज येतो, पण दुखत नाही आणि अडकत नाही, तर त्याला उपचार लागत नाही. असा आवाज पुष्कळांच्या सांध्यात असतो. गुडघा वाजला म्हणून आपण शस्त्रक्रिया करत नाही, तसेच हे.

उपचारांची पहिली पायरी: घरची काळजी

आता खऱ्या विषयाकडे येतो. उपचार पायऱ्यांनी चढावयाचे असतात. खालची पायरी सोडून वर उडी मारली की बहुधा पैसा जातो आणि कधी सांधाही.

पहिली पायरी समजून घेण्याची. स्नायूचे व सांध्याचे हे दुखणे बहुतेकांमध्ये योग्य काळजीने कमी होते, हे रुग्णाला नीट समजावून सांगणे हाच एक उपचार आहे. कर्करोगाची भीती गेली की अर्धा ताण उतरतो.

मग सवय. जेवताना आणि गिळताना सोडले तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागावयास नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ हलकेच टाळूला, ही जबड्याच्या विश्रांतीची जागा. विद्यार्थ्यांनी अभ्यासाच्या वहीवर, बहिणींनी चुलीजवळच्या भिंतीवर, कारखान्यात जाणाऱ्यांनी मोबाइलवर एक ठिपका काढावा. ठिपका दिसला की पाहावे, दात दाबलेले आहेत काय? असतील तर सोडावे. आपल्यापैकी अनेकांना आनापानाचा सराव आहे. श्वासाकडे लक्ष असताना जबडा सैल आहे की आवळलेला, तेवढे अधूनमधून पाहावे.

खाण्यात दोन-तीन आठवडे सबुरी ठेवावी. आपला भाग उसाचा. दातांनी ऊस सोलून खाणे ही आपली हौस, पण दुखऱ्या जबड्याला ती नको. फुटाणे, कडक भाकरी, च्युइंगगम बंद. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून घ्यावी. खिचडी, मऊ भात, लापशी, उकडलेले अंडे चालते. दोन्ही बाजूंनी चावावे. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. फोन खांदा व कान यांत दाबून बोलू नये. पालथे झोपू नये.

कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके गालावर व कानशिलावर दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा ठेवावे. नुकताच मार लागला असेल तर पहिले दोन दिवस शेक नको, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा.

दुसरी पायरी: व्यायाम

जिभेचे टोक टाळूला लावून ठेवावे आणि तेवढ्यातच तोंड हळू उघडावे, मिटावे. सहा वेळा. आरशासमोर बसून, हनुवटी सरळ रेषेत उतरते ना हे पाहावे. दिवसातून चार ते सहा वेळा. त्यानंतर गालाच्या स्नायूवर बोटांनी हलके गोल चोळावे. दुखेल इतका जोर लावू नये. मान आणि पाठ वाकवून तासन्तास बसणाऱ्यांनी मानेचे व्यायामही करावेत, कारण मान आखडली की जबडाही आखडतो. यासाठी फिजिओथेरपिस्टकडून दोन-तीन वेळा शिकून घेतले तर उत्तम. हा खर्च दाढेवर टोपी बसवण्यापेक्षा पुष्कळ कमी आहे.

तिसरी पायरी: मन आणि झोप

दौंड जंक्शनवर रात्रपाळी करणारा रेल्वे कामगार, रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात पाळ्या बदलणारा तरुण, दहावी-बारावीची मुलगी, कर्जाच्या हप्त्याने झोप उडालेला शेतकरी, हे माझे नेहमीचे रुग्ण आहेत. यांच्या जबड्यात दोष शोधून उपयोग नाही. मूल झोपेत दात खाते म्हणजे जंत झाले असे आपण म्हणतो. जंत असतील तर औषध जरूर द्यावे, पण दात खाण्याचे कारण जंत हेच, असे सिद्ध झालेले नाही. लहानपणी ही सवय पुष्कळ मुलांना असते आणि बहुधा आपोआप जाते.

डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यावर एक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. जगभरातील प्रयोग एकत्र तपासून तिने ज्यांची ठाम शिफारस केली ते उपचार कोणते? विचार व सवयी बदलण्याचे शास्त्रशुद्ध समुपदेशन, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जबड्याचा व शरीराच्या ठेवणीचा व्यायाम, हाताने सांधा व स्नायू मोकळे करणे, आणि धीर देऊन घरची काळजी शिकवणे. यातील एकाही उपचारात चाकू नाही, यंत्र नाही. मनावरचा भार असह्य असेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो लावण्यात कमीपणा नाही.

चौथी पायरी: औषधे आणि रात्रीची प्लेट

दुखणे तीव्र असेल तेव्हा वेदनाशामक गोळी थोडे दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. पित्त, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी स्वतःच्या मनाने घेऊ नये. झोपेच्या गोळ्यांची सवय लावून घेऊ नये.

रात्री दात खाऊन दात झिजत असतील तर सर्व दात झाकणारी कडक प्लेट दातांचे रक्षण करते. मात्र प्लेटने दुखणे जाईलच असे नाही. त्याच मार्गदर्शिकेने जुनाट दुखण्यासाठी प्लेट नेहमी देऊ नये असे सुचवले आहे. प्लेट चोवीस तास लावून ठेवू नये, दातांची बैठक बदलते. आणि केवळ जबडा दुखतो म्हणून कोणी दात घासून बैठक बदलू म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. घासलेला दात परत येत नाही.

शेवटची पायरी: सुई आणि शस्त्रक्रिया

सांध्यातील गादी सरकून तोंड अडकले आणि आधीच्या उपचारांनी सुटले नाही, तर काही निवडक रुग्णांत सुईने सांधा धुतात. पण जुनाट दुखण्यासाठी तो सरसकट करावयाचा उपचार नव्हे.

जांभई देताना जबडा निखळला आणि तोंड उघडेच राहिले, तर घरात ओढाताण करू नये. हनुवटीला फडक्याचा आधार देऊन दवाखान्यात न्यावे. डॉक्टर खालच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा खाली दाबतात व मागे सरकवतात. ही रीत दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक वैद्यांनीही लिहून ठेवलेली आहे.

हाड जुळलेला सांधा, मोडलेले हाड, गाठ, पुन्हा पुन्हा निखळणारा जबडा, येथे शस्त्रक्रिया लागू शकते. जुळलेले हाड कापून सांधा मोकळा करतात, वाढत्या मुलात कधी बरगडीचा तुकडा बसवतात आणि त्यानंतर महिनोन्महिने तोंडाचा व्यायाम करावा लागतो. व्यायाम टाळला तर सांधा पुन्हा जुळतो. यासाठी पुण्यातील दंत महाविद्यालयांमध्ये मुख व जबडा शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते काय, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. शिधापत्रिका व आधार सोबत ठेवावे.

परंतु केवळ दुखते म्हणून सांधा उघडण्याची घाई करू नये. अमेरिकेत १९८० च्या दशकात पुष्कळ रुग्णांच्या सांध्यातील गादी काढून तेथे टेफ्लॉनयुक्त कृत्रिम तुकडे बसवले गेले. ते तुकडे झिजले, त्यांच्या कणांनी भोवतालचे हाड खाल्ले. १९९० च्या सुमारास तेथील औषध प्रशासनाला इशारे देऊन ते परत मागवावे लागले. ज्यांना साध्या उपचारांनी बरे वाटण्याची शक्यता होती, असे लोक जन्माचे दुखणेकरी झाले. एवढ्या पुढारलेल्या देशात हे घडले, हे विसरू नये.

समारोप

तात्पर्य हे की ज्यातून मागे फिरता येते तो उपचार आधी, मागे फिरता येत नाही तो शेवटी. कोणीही दाढ काढू, दात घासू, सांधा उघडू म्हणाले तर एक प्रश्न नम्रपणे विचारा: "डॉक्टर, हे दुखणे दाढेचे, स्नायूचे की सांध्याचे?" हा प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे. आमच्यासारख्यांनी त्याचा राग मानू नये.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या बाईंचे काय झाले, असे शिरूरला एका भगिनीने विचारले. मुलाच्या आजारपणात त्यांची झोप गेली होती आणि रात्रभर दात आवळले जात होते. ओल्या फडक्याचा शेक, जिभेचा व्यायाम, मऊ जेवण, एवढेच आम्ही केले. दोन महिन्यांनी तीन बोटे जाऊ लागली. दाढा मात्र गेल्या त्या गेल्याच. त्या जागी पुढे कवळी बसवली आणि तिचे पैसे घेण्याचे मला धाडस झाले नाही.

विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर घरातील प्रत्येकाची तीन बोटांची परीक्षा घ्या, वहीत लिहून ठेवा. ज्याची तीन बोटे जात नाहीत त्याला तपासणीला घेऊन या, विशेषतः पुडी खाणाऱ्या दादाला आणि हनुवटीवर पडलेल्या लहान भावंडाला. उशीर झाला की या दोघांचे तोंड उघडणे फार कठीण होते.